बाटलीवर ३०००, रिपोर्टात ५.२

विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क असलेलं आयुर्वेदिक तेल, आता बेळगावातही वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. त्यासोबत क्यूआर कोड येतो, कोडमागे प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो, आणि तो वाचून लोक आणखीच गोंधळतात. मी आयुष्यभर फार्मसीच्या मुलांना औषधांचं पृथक्करण शिकवलं, म्हणून अशी पत्रं माझ्याकडे वळवली गेली. कुणी किती तेल घ्यावं ते वैद्य आणि डॉक्टर सांगतील. आकडे कसे निघतात, ते मी सांगते.

मॅडम, आमच्या आण्णांना गुडघ्याच्या दुखण्यासाठी वैद्यांनी विजया तेल दिलंय. ३० मि.ली.च्या बाटलीवर ‘विजया अर्क ३००० मि.ग्रॅ.’ छापलंय. रिपोर्टात मात्र टीएचसी २.७ टक्के आणि सीबीडी २.५ टक्के एवढंच. आम्हाला फसवलं का? रोज पाच थेंब सांगितलेत, म्हणजे नक्की किती जातं? (खानापूर)

फसवलं असं लगेच म्हणता येणार नाही, पण ३००० हा आकडा ठळक छापण्यामागे हिशेब आहे, हे खरं. ३००० मि.ग्रॅ. हे अर्काचं वजन. अर्कात टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, आणि सीबीडी, म्हणजे त्याचंच नशा न आणणारं भावंड, असतात, तसं पानातलं हरितद्रव्य, मेण, चरबीही असते. औषधाचा हिशेब करायचा तर रिपोर्टच धरायचा.

आता गणित. रिपोर्टातले टक्के वजनाचे आहेत: १ ग्रॅम तेलात २७ मि.ग्रॅ. टीएचसी आणि २५ मि.ग्रॅ. सीबीडी. तुम्ही तेल वजनावर घेत नाही, मापानं घेता. तिळाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, १ मि.ली.चं वजन साधारण ०.९२ ग्रॅम. म्हणून १ मि.ली.मध्ये टीएचसी सुमारे २४.८ आणि सीबीडी २३ मि.ग्रॅ. दोन्ही मिळून बाटलीभर साधारण १४३५ मि.ग्रॅ. म्हणजे ३००० मि.ग्रॅ. अर्कातलं निम्म्याहून थोडं कमी. पानांच्या अर्कात असं होऊ शकतं.

थेंबाचं मात्र अवघड आहे. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो, आणि पाण्याच्या थेंबावरून तेलाचा अंदाज बांधता येत नाही. मेडिकलमधून १ मि.ली.ची सिरिंज आणा, सुई लावू नका, दांडा काढा, टोकाला बोट धरा आणि ड्रॉपरनं थेंब मोजत १ मि.ली.च्या रेघेपर्यंत भरा. समजा तीस थेंब लागले, तर एका थेंबात टीएचसी साधारण ०.८ मि.ग्रॅ. आणि पाच थेंबांत ४ मि.ग्रॅ.च्या आसपास. हा आकडा कागदावर लिहून वैद्यांना दाखवा. आण्णांचं वय झालेलं असेल आणि रात्री उठताना झोक जात असेल, तर तेही त्याच वेळी सांगा. टीएचसीनं चक्कर येते, आणि म्हातारपणी पडणं परवडत नाही.

आमच्याकडं कारखान्यात उसाचा उतारा काढतात, तसंच हे असतंय काय? आणि उताऱ्यावर जसा आमचा विश्वास नाही, तसा ह्याच्यावर ठेवायचा का नाही? (निपाणी)

प्रश्न विचारावा तर निपाणीकरांनी! तुलना बऱ्याच अंशी बरोबर आहे. उसाच्या बुडख्यात साखर जास्त आणि वाढ्याकडे कमी, म्हणून नमुना कुठून काढला यावर उतारा ठरतो. भांगेच्या झाडात उलटं. शेंड्याकडची फुलं कडक, खालची हलकी, आणि पानांत फुलांपेक्षा बरंच कमी. एकाच झाडाचा नमुना वरून घेतला की एक आकडा, खालून घेतला की दुसरा. म्हणून नियमानं पूर्ण लॉटमधून जागोजागी थोडं थोडं उचलून एकत्र करायचं असतं.

पुढचं काम मात्र कारखान्यापेक्षा किचकट. पोलरीमीटर रसातून प्रकाश किती वळला ते बघतो आणि त्यावरून साखरेचा आकडा देतो. भांगेत एकमेकांची भावंडं शोभावीत अशी शंभराहून जास्त द्रव्यं असतात. ती आधी वेगळी करावी लागतात, मग मोजावी लागतात.

यासाठी जे यंत्र वापरतात ते एचपीएलसी. सुक्या मालाचा नमुना दळताना पहिली अडचण येते ती चिकाची. औषधी द्रव्य असतं फुला-पानांवरच्या बारीक चिकट ग्रंथींत, आणि ते ग्राइंडरच्या भिंतीला जाऊन बसतं. उरलेला चोथा तपासला तर आकडा कमी येणारच. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत माल द्रव नायट्रोजननं गोठवून दळतात. मग थोडा नमुना काट्यावर तोलायचा, मिथेनॉलसारख्या द्रावकात घालून हलवायचा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायचा, बारीक गाळणीतून गाळून पातळ करायचा. त्यातले काही मायक्रोलिटर यंत्रात सोडायचे.

यंत्रात बोटभर जाडीचीही नसलेली पोलादी नळी असते, आत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, आणि त्यांच्यावर तेलकट साखळ्यांचा लेप. पाणी आणि ॲसिटोनायट्राइलचं मिश्रण दाबानं त्यातून जातं. जे द्रव्य लेपाला जास्त चिकटतं ते उशिरा बाहेर पडतं. बहुधा सीबीडी आधी येतं, टीएचसी मागून, आणि टीएचसीए, म्हणजे टीएचसीचं ताज्या झाडातलं आम्लरूप, त्याच्याही मागून. बाहेर अतिनील प्रकाश लावलेला असतो, सहसा २२० ते २३० नॅनोमीटरच्या आसपास. द्रव्य त्यातून जाताना प्रकाश शोषतं आणि पडद्यावर टेकडी उमटते. टेकडी किती मोठी, त्यावरून प्रमाण. त्यासाठी आधी माहीत असलेल्या प्रमाणाची प्रमाणित द्रव्यं सोडून फूटपट्टी तयार करावी लागते. ती महाग असतात, आणि कंजुषी होते ती बहुतेक वेळा तिथंच.

विश्वासाचं म्हणाल, तर यंत्र खोटं बोलत नाही. नमुना काढणारा आणि पट्टी लावणारा कोण, हे विचारायचं.

मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीनं आणि एचपीएलसीनं एकाच फुलाचे आकडे वेगळे का येतात? आणि ते ०.८७७ काय आहे? (बेळगाव)

ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते टीएचसीए, आणि त्यानं नशा होत नाही. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे वाफ करून द्रव्यं वेगळी करण्याच्या पद्धतीत, नमुना शिरतो तो अडीचशे अंशांच्या पुढे तापलेल्या दारातून. तिथंच टीएचसीएचं टीएचसी होतं, तेही पुरतं नाही. काही मोडतं, काही तसंच राहतं. म्हणून ते यंत्र एक एकत्रित आणि बऱ्याचदा थोडा कमी आकडा देतं. एचपीएलसीत उष्णतेचं काम नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी दिसतात. आम्लाला आधी सिलिल गट जोडून घेतला तर गॅसवरही वेगळं मोजता येतं, पण तो खटाटोप आता फारसं कुणी करत नाही.

टीएचसीएचा रेणुभार ३५८.४७, टीएचसीचा ३१४.४६. भागाकार कर, ०.८७७ येईल. म्हणजे १०० मि.ग्रॅ. टीएचसीए पूर्ण तापलं तरी ८७.७ मि.ग्रॅ. टीएचसीच मिळणार, बाकीचं वजन वायू होऊन गेलं. एका फुलात टीएचसीए २० टक्के आणि टीएचसी १ टक्का असेल तर एकूण टीएचसी २१ टक्के नव्हे, १८.५. काही विक्रेते सरळ बेरीज करून छापतात. परीक्षेत हे विचारतील न विचारतील, तू मात्र रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा हेच बघ. दुसरं बघायचं ते आकडा सुक्या वजनावर आहे की जसाच्या तसा. दहा टक्के ओलावा असलेल्या फुलात सुक्या वजनावरचे २० टक्के प्रत्यक्षात १८ होतात, आणि आपल्या खानापुरी पावसात दहा टक्क्यांवर कोण थांबतंय!

एक प्रयोगशाळेतली गोष्ट. तिळाचं तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, थेंब होऊन तळाला बसतं. नवीन मुलं वरचं स्वच्छ द्रावण काढून यंत्रात सोडतात, आणि तेलात राहिलेलं औषध मोजायचं राहून जातं. तेल आधी आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवायचं, मग पातळ करायचं. टीएचसी वेगळं काढून त्याची रचना १९६४ साली गाओनी आणि मेशुलाम यांनी इस्राएलच्या वाइझमन संस्थेत मांडली. त्यांच्यासाठी कच्चा माल होता पोलिसांनी पकडलेला हशिश. तेव्हा एचपीएलसी नव्हती, हे तक्रार करताना लक्षात ठेव.

एकाच बॅचचं तेल कंपनीच्या रिपोर्टात १ मि.ली.ला २४.८ मि.ग्रॅ. टीएचसी आणि माझ्या भावानं दुसरीकडं तपासून घेतलं तर २१.९. कुठलं खरं धरायचं? (संकेश्वर)

दोन्ही खरी असू शकतात. मोजमापाला अनिश्चितता असते आणि प्रामाणिक रिपोर्ट ती छापतो. ती अधिक-उणे दहा टक्के असेल, तर २४.८ म्हणजे २२.३ ते २७.३, आणि २१.९ म्हणजे १९.७ ते २४.१. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. शिवाय अर्क तळाशी बसतो, बाटली न हलवता वरचं तेल दिलं असेल तरी फरक पडतो.

पण कंपनीच्या रिपोर्टाबद्दल एवढं जरूर बघा: त्यावरचा बॅच नंबर तुमच्या बाटलीवरचाच आहे का. वर्षापूर्वीच्या एका चांगल्या बॅचचा रिपोर्ट सगळ्या बाटल्यांना चिकटवलेला असतो, असं मी पाहिलंय. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मोहोर असली तर त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत ही तपासणी येते का, तेही तपासा. पाण्याच्या तपासणीला मिळालेली मान्यता तेलाला चालत नाही. ‘एनडी’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शून्य नाही, त्या पद्धतीला दिसलं नाही एवढाच.

परदेशात जिथं हा व्यापार उघड आहे, तिथंही हीच रड आहे. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली, तर लेबलाशी जुळली जेमतेम तिसरा हिस्सा, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. जास्त आकडा देणारी प्रयोगशाळा शोधत फिरायची सवय तिथल्या उत्पादकांना लागली, कारण गिऱ्हाईक टक्का बघून पैसे मोजतं. आपल्याकडे तसं होणार नाही असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

भावाला मात्र सांगा, यापुढं नमुना कुरियरनं कोल्हापूरला किंवा गोव्याला परस्पर पाठवू नको. चिठ्ठी रुग्णाच्या नावाची असते, पार्सल उघडणाऱ्याला ती दिसत नाही.

पोलिसांच्या किटमध्ये रंग जांभळा झाला म्हणजे गांजा सिद्ध झाला का? भांगेचं तेल जवळ ठेवलं तर? (चिकोडी)

नाही. ती प्राथमिक चाचणी, ड्यूकेन्वा-लेव्हिन. ती किती टीएचसी ते सांगत नाही, आणि इतर काही वनस्पतींनाही तसा रंग येऊ शकतो. न्यायालयासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. अमेरिकेत ०.३ टक्के टीएचसीची रेघ आहे, आपला केंद्रीय कायदा झाडाचा भाग बघतो. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका जामिनाच्या प्रकरणात भांगेबद्दल हाच भेद धरला होता. तरी चिठ्ठी आणि बिल बाटलीबरोबरच ठेवा. बाकीचं वकिलांना विचारा.

हेम्पच्या बियांची चटणी खाल्ली तर नशा होते का? (गोकाक)

नाही. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, पण एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानं बियांत किलोमागे ५ मि.ग्रॅ. आणि बियांच्या तेलात १० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. खुशाल खा. बियांचं तेल आणि विजया तेल एक नव्हे, एवढंच ध्यानात असू द्या.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली तर चालते का? (वडगाव)

चालत नाही. उजेड, हवा आणि उष्णता यांनी टीएचसीचं हळूहळू सीबीएन नावाचं दुसरंच द्रव्य होतं, आणि रिपोर्टातला आकडा मागं पडतो. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा, झाकण घट्ट लावा, घ्यायच्या आधी हलवा.

माझ्या सहा वर्षांच्या नातवाला फिट येतात. भांगेच्या औषधानं फिट थांबतात असं मोबाईलवर बघितलं. शेजारणीकडं विजया तेल आहे, तिनं दोन थेंब देऊन बघा म्हटलं. देऊ का? (शहापूर)

आजी, देऊ नका. मोबाईलवर जे बघितलंत त्यात तथ्य आहे, पण ते औषध वेगळं. अमेरिकेत २०१८ साली एपिडिओलेक्स नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, फिटच्या दोन अवघड प्रकारांसाठी. ते शुद्ध सीबीडी, १ मि.ली.त १०० मि.ग्रॅ., आणि डोस मुलाच्या वजनावर. समजा मुलगा २० किलोचा आणि डोस किलोला १० मि.ग्रॅ., तर दिवसाला २०० मि.ग्रॅ., म्हणजे त्या औषधाचे २ मि.ली.

आता शेजारणीचं तेल खानापूरच्या आण्णांच्या तेलासारखं धरा. २०० मि.ग्रॅ. सीबीडी मिळायला पावणेनऊ मि.ली. तेल पाजावं लागेल, आणि त्याबरोबर त्या लेकराच्या पोटात दोनशे मि.ग्रॅ.हून जास्त टीएचसी जाईल. मोठ्या माणसालाही ते झेपणार नाही. दोन थेंबांत सीबीडी दीड मि.ग्रॅ. येतं, त्यानं फिट थांबणार नाही, टीएचसी तेवढी विनाकारण जाईल. शिवाय फिटच्या नेहमीच्या औषधांपैकी क्लोबाझामचा परिणाम सीबीडीमुळे वाढतो, आणि व्हॅल्प्रोएटबरोबर यकृतावर ताण येऊ शकतो. नातवाला यातलं काही चालू असेल तर ते बंदही करू नका. लेबलाचा आणि रिपोर्टाचा फोटो काढून त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि सीबीडी त्याच्या प्रकारच्या फिटला लागू पडतं का, असं सरळ विचारा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठा.