चुलत सासूबाई आणि 'दूध पुरत नाही'

बाळ पाच आठवड्यांचं, आणि चुलत सासूबाई रोज संध्याकाळी येऊन 'तुझं दूध पुरत नाही, वरचं चालू कर' म्हणतात, काय करू, असं विचारलंयस.

अगं, दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. दिवसरात्रीत ६ किंवा जास्त वेळा शू होतेय? रोजचं सरासरी २५-३० ग्रॅम वजन वाढतंय? मग पुरतंय. या वयात बाळं संध्याकाळी किरकिरतातच, सारखी प्यायला मागतात, आणि बाईंची फेरी नेमकी तेव्हाच. शू कमी झाली, बाळ मलूल वाटलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर त्यात लाज कसली?

बाकी सल्ल्यांवर सरसकट चिडू नकोस. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला रुमाल... 'हो काकू' म्हणून मोकळी हो. लाडू तर खाच. रुमाल त्या जिना उतरल्या की सोड.

पण मध, घुटी, वरचं पाणी, नाका-कानात तेल, डोळ्यांत काजळ आणि धुरी, इथे ठाम नाही. मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत बोटभरही चाटवायचा नाही. पाणी सहा महिने उन्हाळ्यातसुद्धा लागत नाही, अंगावरच्या दुधात ते असतंच. यावर 'आमची पोरं नाही का वाढली' येणारच. वाद घालू नकोस, त्यांचा दम तुझ्यापेक्षा जास्त आहे आणि त्यांची झोपही झालेली असते! 'डॉक्टर नको म्हणालेत' एवढंच म्हणायचं. कारण सांगायला गेलीस की त्या कारणावर अर्धा तास जातो.

आणि हे नवऱ्याला बोलू दे. काकू त्याची आहे. सून बोलली की उद्धट, तोच शब्द पुतण्याने काढला की काळजी. अन्याय आहे खरा, पण आत्ता तो निस्तरत बसू नकोस.

आल्या की दुपट्यांच्या घड्या त्यांच्या पुढ्यात ठेव आणि 'पाजते हं' म्हणून आत जाऊन दार लाव. पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांची लस असेल ना? तेव्हा त्यांनाच बरोबर ने. वजनकाट्यापाशी उभं कर, आकडा त्यांनाच वाचू दे, आणि वरच्या दुधाचं डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे.