केबल काढली, आता नवा टीव्ही कसा लावायचा?

केबल बंद करून ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणि फायबरचं इंटरनेट घेतलं. आम्ही दोघंच घरात. स्टार प्रवाह, झी मराठीच्या मालिका आणि बातम्या दिसतील का? वेगळा सेट-टॉप बॉक्स लागेल का? (पुणे)

बॉक्स लागणार नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर असतात, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. एबीपी माझासारख्या वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. इंटरनेटच्या प्लॅनसोबत यातली कोणती ॲप्स मिळतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. फक्त मोबाइलसाठीचं स्वस्त सदस्यत्व टीव्हीवर चालत नाही आणि बरेच जण नेमके इथेच फसतात. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, तोही हिशेबात धरा.

इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. दोघांना ३० ते ४० एमबीपीएसचा प्लॅन पुरे. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २०. १०० चा प्लॅन घेतला म्हणून मालिका जास्त स्वच्छ दिसत नाही.

टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना तो 'होम' की 'स्टोअर' असं विचारतो. 'होम'च निवडा. 'स्टोअर' निवडलं तर पडदा भगभगीत राहतो आणि केलेल्या सेटिंग्ज थोड्या वेळाने आपोआप पुसल्या जातात. मग वायफाय जोडा, सॉफ्टवेअर अपडेट पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच ॲप्स घाला. चित्र 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आणलं की चेहरे लालभडक दिसत नाहीत.

गावाकडे आईला नंबर दाबून चॅनल लावायची सवय आहे. तिथे इंटरनेट भरवशाचं नाही. फ्री डिश घरी बसवता येईल का? (चिपळूण)

येईल, आणि आईंसाठी हाच उत्तम मार्ग आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. सुमारे ६० सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा), छत्रीपासून बॉक्सपर्यंतची आरजी-६ केबल आणि बॉक्स एवढा एकदाच खर्च. बॉक्स एमपेग-४ चा घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या लागत नाहीत. सह्याद्री त्यावर आहेच. खासगी वाहिन्यांना लिलावातून जागा मिळते, त्यामुळे ती यादी बदलत राहते. केबलवर पैसे भरून दिसणारी हवी ती वाहिनी इथे असेलच असं नाही. हे आईंना आधीच सांगून ठेवा.

उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. चिपळूणहून छत्री आग्नेयेकडे वळवायची, होकायंत्रावर सुमारे १३० अंश. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका, काटा फिरतो. उपग्रह क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश उंच आहे, तरी छत्री त्या मानाने बरीच उभी दिसेल. ही ऑफसेट छत्री असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूने पुढे येते. समोर माड किंवा आंबा नको. वाऱ्याने झावळी आडवी आली तरी चित्र तुटतं.

आधी खांब ओळंब्याने अगदी सरळ उभा करा. खांब कलला असेल तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं. मग छत्री अगदी थोडी थोडी फिरवा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. बॉक्सवर 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ भलत्या दिशेलाही भरलेली दिसू शकते, म्हणून क्वालिटीची पट्टी पाहा. ती सर्वांत वर गेली की एलएनबी स्वतःभोवती किंचित फिरवून आणखी वाढते का बघा आणि मगच नट आवळा.

कोकणात यंत्रणा बिघडते ती बहुतेक वेळा पाण्याने. केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की आतली तार हिरवी पडते आणि सिग्नल हळूहळू मरतो. कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटं गेलं तर छत्रीला हात लावू नका. पाऊस कमी झाला की ते परत येतं.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी बेडरूममधल्या टीव्हीवर सारखं लोडिंगचं चक्र फिरत राहतं. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. (ठाणे)

लाइन ठीक असेलही. तुमच्या पत्रात राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात असल्याचं लिहिलंय आणि दोष तिथेच दिसतो. लाकूड, आरसा आणि मध्ये आरसीसीची भिंत, एवढं ओलांडून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा बेडरूमपर्यंत पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पोचतो, पण शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात असतात.

राउटर कपाटाबाहेर, उंचावर आणि घराच्या मध्याकडे आणा. टीव्ही २.४ वरच राहणार असेल तर राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जे मोकळं असेल ते निवडा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ लॅन केबल. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण फोर-केला ते पुरून उरतं.

राउटर हलवताना पातळ फायबर केबल दुमडू नका. आत काच असते. तिचं वळण निदान वाटीच्या घेराएवढं मोठं ठेवा. राउटरवरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाश पोचत नाही असं समजायचं. हिरवं टोक नीट बसलंय का बघा, नाहीतर तंत्रज्ञाला बोलवा. त्या टोकात डोळा लावून बघू नका.

लाइट गेली की वायफायही जातं. फक्त राउटरसाठी इन्व्हर्टर घ्यावा का? (नांदेड)

इन्व्हर्टरची गरज नाही, राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. आधी राउटरच्या ॲडॉप्टरवर काय छापलंय ते वाचा. बहुधा १२ व्होल्ट असतं, सोबत १, १.५ किंवा २ अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिनचं माप आणि आतला पॉझिटिव्ह, बाहेरचा निगेटिव्ह हेही जुळवा. राउटर ८ वॅट खात असेल तर ३० वॅट-अवरची बॅटरी तीन तासांहून थोडी जास्त चालते. मात्र स्थानिक ऑपरेटरचं रस्त्यावरचं यंत्र विजेवर असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा राउटर सुरू राहूनही नेट जाईल. त्यामुळे जोडणी घेण्याआधी ऑपरेटरला हे विचाराच.

जुन्या होम थिएटरला लाल-पांढऱ्या पिना आहेत, नव्या टीव्हीला तशी जागाच नाही. (सोलापूर)

टीव्हीमागे 'ऑप्टिकल' लिहिलेलं भोक असेल. ऑप्टिकलमधून लाल-पांढऱ्यात बदलणारा छोटा 'डॅक' कन्व्हर्टर घ्या आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. ते 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर राहिलं तर आवाज येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि लोक चांगला कन्व्हर्टर खराब समजून परत करतात.