युद्ध चालू असलेल्या देशात चर्च मदत करतं, त्यामागे धर्मांतर असतं का? आणि अशा मदतीतून कधी शांतता येते का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मला दुसऱ्यात जास्त रस आहे, म्हणून पहिला आधी उरकतो.

२०१७ ते २०१९ अशी साधारण अडीच वर्षं मी दक्षिण सुदानमध्ये, चर्चशी जोडलेल्या एका मदतसंस्थेचं गोदाम सांभाळलं. ज्वारी, डाळ, तेल, मीठ, ताडपत्र्या. किती आलं, किती वाटलं, किती भिजलं, किती पळवलं, याचा हिशेब ठेवायचा. मी ख्रिस्ती नाही, आणि देवाधर्माशी माझा संबंध आईने सांगितलेल्या कामांपुरता. नोकरी देताना मला याबद्दल कुणी काही विचारलं नाही, नंतरही नाही.

धर्मांतराबद्दल: १९९४ साली रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदत गरज बघून द्यायची, आणि कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताचा प्रसार करायला ती वापरायची नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. ती करणाऱ्यांत कारितास, ल्युथेरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्या संघटनाही होत्या. आता नियम म्हटला की मोडणारे आलेच. पोत्याबरोबर पुस्तक हातात ठेवणारे जगात आहेत, ते मी नाकारत नाही. पण दक्षिण सुदानमध्ये हा प्रश्न फारसा उरतच नाही, कारण तिथले बहुसंख्य लोक आधीपासून ख्रिस्ती आहेत. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर कॅथलिक, त्यांचे प्रतिस्पर्धी रीक मचार प्रेस्बिटेरियन. एकमेकांवर बंदुका रोखणारी पोरं रविवारी येशूचीच गाणी म्हणत होती. मला विचाराल तर खरा अडचणीचा प्रश्न हा आहे, आणि तो मी तिथल्या पाद्र्यांनाच स्वतःला विचारताना ऐकलाय.

मदतीने शांतता येते का, याआधी एक कडू गोष्ट सांगायला हवी. मदतीने युद्धही चालतं. १९६८ ते १९७० या काळात, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या वेढ्यात चर्च संघटनांनी रात्रीच्या अंधारात पाच हजारांहून जास्त विमानफेऱ्या करून अन्न उतरवलं. एका रुंद केलेल्या रस्त्याची धावपट्टी होती. असंख्य पोरं त्यामुळे जगली. आणि त्यामुळेच ते हरत चाललेलं युद्ध लांबलं, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. दक्षिण सुदानातही हेच. १९९८ च्या दुष्काळात मदतीचं धान्य बंडखोर सैन्याकडे (तेव्हा हा भाग सुदानमध्येच होता, आणि हे सैन्य तिथल्या सरकारशी लढत होतं) जातंय अशी जाहीर तक्रार रुम्बेकचे चर्चप्रमुख, पुढे तिथलेच बिशप झालेले चेझारे माझोलारी यांनीच केली होती. म्हणजे ज्यांच्या बाजूचे म्हणून लोक चर्चकडे बघत, त्यांच्याचविरुद्ध.

माझ्या वाट्यालाही ते आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटी राज्यातल्या लेर आणि मायेंदित या भागांत दुष्काळ जाहीर झाला. दुष्काळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते. तिथे जमीन हिरवीगार होती. गुरं लुटलेली, पिकं जाळलेली आणि माणसं पाणथळ बेटांवर पळालेली. पाऊस लागला की तिथल्या काळ्या मातीत ट्रक रुततात, मग विमानातून पोती टाकायची. एका वाटपाच्या दिवशी तिथल्या तुकडीचा प्रमुख दोन पिकअप घेऊन आला आणि ‘आमच्या माणसांचा वाटा’ मागायला लागला. साठ पोती हवी होती त्याला. माझ्या हातात नियमांचा कागद. त्याचा काय उपयोग? गावातला कॅटेकिस्ट (हा पाद्री नसतो, गावातच राहून प्रार्थना चालवतो, लग्नं-मर्तिकं बघतो) पुढे झाला. त्याने त्या प्रमुखाला आईच्या तब्येतीबद्दल विचारलं. मग दोघे झाडाखाली जाऊन बसले. तासभर बोलणं झालं, मला अक्षर कळलं नाही. शेवटी त्याने बारा पोती नेली.

बारा पोती गेली ती गेलीच, मी नोंदवहीत तसं लिहिलं आणि वरच्या साहेबाने मला झापलं. पण साठाची बारा कशी झाली, ते मी नंतर बराच काळ घोळवत होतो. कॅटेकिस्टने त्या माणसाला लहानपणी अक्षरओळख करून दिली होती, त्याच्या बापाला पुरलं होतं. १९९१ साली बंडखोर सैन्यात फूट पडली आणि डिंका (कीर यांची जमात) आणि नुएर (मचार यांची) एकमेकांना कापायला लागले तेव्हा, २०१३ च्या डिसेंबरात पुन्हा पेटलं तेव्हा, आम्हा बाहेरच्यांना विमानं न्यायला यायची. कॅटेकिस्ट तिथेच राहायचा. धान्य संयुक्त राष्ट्रसंघाचे अन्न कार्यक्रमवालेही आणतात, चर्चपेक्षा कितीतरी जास्त आणतात. पण झाडाखाली बसायला माणूस लागतो, तो विमानातून टाकता येत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण वुनलित. तुम्ही नाव ऐकलं नसेल. दक्षिण सुदानमध्ये अजून काढतात. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बहर अल गजलमधल्या या गावात तिथल्या चर्च परिषदेने नाईलच्या पश्चिमेकडच्या डिंका आणि नुएर लोकांची बैठक भरवली. सात-आठ वर्षं दोघांनी एकमेकांची गुरं, बायका, मुलं पळवली होती. आलेल्या लोकांसाठी झोपड्या बांधून मुद्दाम वस्तीच उभारली. मग दिवसचे दिवस एकच काम: एका बाजूने आपलं सगळं दुःख सांगायचं, दुसऱ्या बाजूने मध्ये न तोडता ऐकायचं, मग उलट. आणि सुरुवात कशाने? पांढऱ्याशुभ्र बैलाच्या बळीने. हा करार मोडेल त्याचीही हीच गत, असा शाप त्याबरोबर. बिशप, पाद्री आजूबाजूला आणि मधे परंपरेने मान असलेले भालेवाले पुरोहित. मला हे फार आवडतं. परिषद चर्चची, पण शपथ लोकांना जी खरी वाटते तीच घेतली. ठरलं काय तर पळवलेल्या बायका-मुलांना परत पाठवायचं, कुरणं आणि मासेमारीची पाणी वाटून घ्यायची, रस्ते खुले करायचे. जगाच्या दृष्टीने किरकोळ, पण गुरांवर जगणाऱ्या माणसासाठी हेच सगळं. त्या सीमेवरच्या आपसातल्या धाडी खरोखर कमी झाल्या.

मग गाडी अडते कुठे? वर. गुरं राखणाऱ्यांची शांतता चर्चला जमते, सेनापतींची जमत नाही. तेलाचा पैसा, पदं, कोण कुठल्या राज्याचा गव्हर्नर, या हिशेबात शापाला किंमत नसते. ११ एप्रिल २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये कीर आणि मचार यांच्यासमोर गुडघे टेकून त्यांच्या बुटांचं चुंबन घेतलं. वय ८२. आम्ही ते गोदामाच्या आवारात एका फोनवर बघितलं. हमालांत दोन्ही जमातींची माणसं होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, ‘बूट तरी पुसायचे होते यांनी आधी.’ सगळे हसले, आणि एक म्हातारा उठून मागे निघून गेला. तो रडत होता की संतापला होता, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी एकत्र सरकार बनलं, ते खरं. २०२३ मध्ये पोप, कँटरबरीचे आर्चबिशप आणि स्कॉटलंडच्या चर्चचे प्रमुख तिघे मिळून राजधानी जुबाला जाऊनही आले. पण मार्च २०२५ मध्ये मचार नजरकैदेत गेले, सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला उभा राहिला. डिसेंबर २०२४ ची निवडणूक आधीच डिसेंबर २०२६ वर ढकलली गेली होती.

चर्च म्हणजे अभेद्य ढाल, असंही समजू नका. २०१६ मध्ये वाऊ शहरातल्या सेंट मेरी कॅथीड्रलच्या आवारात हजारोंनी आसरा घेतला, तो त्यांना लाभला. त्याआधी बोर शहरातल्या कॅथीड्रलमध्ये बायकांची कत्तल झाली होती.

आशा कुठे दिसते विचाराल तर मी कुरोनचं नाव घेईन. तोरितचे बिशप पारिदे ताबान यांनी निवृत्तीनंतर, २००५ मध्ये, देशाच्या पूर्व टोकाला हे ‘शांतिग्राम’ वसवलं. गुरांवरून एकमेकांना मारणाऱ्या जमातींसाठी शाळा, दवाखाना, शेती. भाषणं कमी, नांगर जास्त. २०१४ मध्ये जोंगलेई राज्यातल्या डेव्हिड याउ याउच्या बंडखोर गटाशी सरकारचा समझोता घडवण्यात ताबान पुढे होते. त्यांचा शब्द दोघांनाही चालत होता. २०२३ च्या नोव्हेंबरात ते गेले. कुरोन चालू आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत तोडली आणि माझ्या जागी आलेल्या मुलाला घरी पाठवलं. गोदामाला कुलूप आहे म्हणतात. कॅटेकिस्टला पगार कधी नव्हताच, त्यामुळे त्याचा बंद होण्याचाही प्रश्न नाही. नेटवर्क मिळालं की तो मला व्हॉट्सअॅपवर पाण्याची पातळी कळवतो आणि हटकून विचारतो, तुझी आई कशी आहे.