जुन्या सेस्ना १७२ मधला केटी ७६ए काढून कोणता ट्रान्सपॉन्डर बसवावा?

मुंबई कंट्रोल दोनदा म्हणालं, "तुमची उंची दिसत नाही", म्हणून तुम्ही जुना ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारा रेडिओ) काढून थेट गार्मिन जीटीएक्स ३४५ घ्यावा की ट्रिग टीटी३१ इथवर आलात. मी ओझरला बरीच वर्षं रेडिओ-इन्स्ट्रुमेंटच्या बाकावर काढली आहेत. माझं ऐका, आठवडाभर पैसे खिशातच ठेवा.

उंचीचा आकडा ट्रान्सपॉन्डर स्वतः काढत नाही, तो त्याला एन्कोडर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची मोजणारी वेगळी डबी, देतो. जुन्या विमानात तो दहा-अकरा बारीक तारांतून येतो. एक तार तुटली तर भलतीच उंची जाते, एन्कोडरला वीजच नसली तर काहीच जात नाही. एका सेस्नात आम्ही नवाकोरा ट्रान्सपॉन्डर बसवला आणि तक्रार जशीच्या तशी! पावसाळाभर विमान हँगरात उभं होतं, एन्कोडरच्या कनेक्टरात हिरवी पूड साचलेली. ती पाहायची आधी मलाच सुचली नव्हती. पोटाखालचा अँटेनाही पुसून बघा, इंजिनच्या तेलाने तो माखलेला असतो.

तरी केटी ७६ए जायचाच. त्यातली कॅव्हिटी ट्यूब (सिग्नल तयार करणारी नळी) म्हातारी झाली की रडारला जाणारं उत्तर ठरलेल्या १०९० मेगाहर्ट्झवरून सरकू लागतं.

मी टीटी३१ घेईन. तो केटी ७६ए च्याच ट्रेमध्ये सरकतो, पॅनेल कापावं लागत नाही. मोड एस मिळतो, म्हणजे विमान आपल्या स्वतंत्र पत्त्यासह उत्तर देतं. एडीएस-बी आउट (विमानाने आपली जागा आपणहून सतत प्रसारित करणं) हवं असेल तर मात्र मान्यताप्राप्त जीपीएसची तार ओढावी लागेल, हातातला जीपीएस चालत नाही. ३४५ चे जादा पैसे एडीएस-बी इनचे, म्हणजे बाहेरून येणारी तशी माहिती आपल्या विमानात घेण्याचे. त्यातलं हवामान अमेरिकेत ९७८ मेगाहर्ट्झवर येतं, आपल्याकडे ते नाही. उरतं आजूबाजूच्या विमानांचं दर्शन, तेही ज्यांच्याकडे एडीएस-बी आउट आहे त्यांचंच. शेपटीच्या दिव्यात बसणारी, ९७८ वर एडीएस-बी आउट पाठवणारी स्वस्त यंत्रं तर इथे निव्वळ शोभेची.

उंची बारीक हवी असेल तर एन्कोडरही बदला. जुना १०० फुटांच्या पायऱ्यांनी सांगतो, नवा सीरियलवाला (आकडा एकाच तारेतून पाठवणारा) मोड एसला २५ फुटांपर्यंत देऊ शकतो. त्यासाठी स्टॅटिक लाइन (बाहेरच्या हवेचा दाब आणणारी नळी) उघडली की लीक टेस्ट, म्हणजे गळतीची तपासणी, आलीच.

आणि अमेरिकेतून जुनं युनिट आणत असाल तर त्यातला मोड एसचा २४ बिटांचा पत्ता बदलून घ्या. तिकडचे पत्ते 'ए'ने सुरू होतात, आपले ८० ते ८३ ने. नाहीतर व्हीटी (भारतीय नोंदणीची अक्षरं) रंगवलेलं विमान नाशिकवरून उडेल आणि मोड एसच्या पडद्यावर अमेरिकेचं दिसेल.