खाणीत मोजायचा तो वारा की हवा?

कराडच्या एका वाचकांचा प्रश्न: भाचा चंद्रपूरकडे भूमिगत कोळसा खाणीत आहे. तिथल्या मराठी फलकावर 'वायुवीजन मोजणे' लिहावं की 'हवा मोजणे'? 'वारा' लिहिलं तर हसं होईल का?

हसं कशाला होईल? मला खटकतं ते 'वायुवीजन मोजणे'. वीजन म्हणजे वारा घालणं. व्यजन म्हणजे पंखा, आणि आपला जुना 'विंझणा' त्याच घरातला. वायुवीजन ही झाली क्रिया, फार तर पंखे, दारं, पडदे मिळून होणारी व्यवस्था. ती तपासता येते. मोजायचं म्हटलं की वारा किंवा हवा.

आणि या दोघांची वाटणी बोलीत चोख आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये आपण हवा भरतो, वारा नाही. चाळकेवाडीच्या पठारावर छत्री उलटते ती वाऱ्याने. वेग वाऱ्याला, प्रमाण हवेला. ('हवा' मूळची अरबी, पण नांदली छान.)

खाणीतही आधी वारा मोजतात, मग हवेचं प्रमाण काढतात. पात्यांचा वायुवेगमापक हात लांब करून धरायचा, स्वतःच्या अंगाचा आडोसा होऊ द्यायचा नाही, आणि तो बोगद्याच्या सगळ्या आडव्या छेदावरून सावकाश फिरवायचा, कारण भिंतीलगत वारा मंद असतो. समजा वेग सेकंदाला १.५ मीटर आणि बोगदा ४ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. म्हणजे सेकंदाला १५ घनमीटर, मिनिटाला ९०० घनमीटर हवा. कोळसा खाणींच्या नियमात सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर किंवा रोजच्या दर टन उत्पादनामागे २.५ घनमीटर, यातलं जे जास्त ते लागतं. नुसत्या माणसांच्या हिशेबाने ही हवा १५० जणांना पुरेल.

वारा पाती फिरवण्याइतकाही नसेल, तर धूर सोडून तो ठरावीक अंतर किती वेळात जातो ते बघतात. खळ्यावर उफणणीआधी मूठभर भुसा सोडून वारा बघतात, त्याचंच हे भावंड.

'मॉनिटरिंग'साठी 'निगराणी' मात्र टाळा. मराठीत ती बागेची, गुराढोरांची असते. इथे 'सतत नोंद' पुरे. फलक असा चालेल: 'वाऱ्याचा वेग: … मीटर/सेकंद. हवा: … घनमीटर/मिनिट.'