परदेशी कंपन्यांना बंदरं दिली तर देशाच्या सुरक्षेचं काय?

तुम्ही विचारलंय, ‘सरकार बंदरं परदेशी कंपन्यांना विकतंय, कोणी तपासतं तरी का?’ पहिलं म्हणजे, विकत नाही. न्हावा शेवासारख्या बंदरात जमीन बंदर प्राधिकरणाचीच राहते, धक्का तेवढा ठरावीक वर्षांच्या कराराने चालवायला दिला जातो.

मी नागपूरचा, निर्यातीची कागदपत्रं करतो. न्हावा शेवा इथून आठशेवर किलोमीटर. अजनीच्या डेपोत तांदळाचा कंटेनर भरायचा, कस्टमचं काम उरकून सील ठोकायचं आणि मालगाडीने न्हावा शेवाला धाडायचा. कुठल्या टर्मिनलला, म्हणजे कुठल्या धक्क्याला जाणार, ते मात्र आधीच पाहावं लागतं. तिथे दुबईची डीपी वर्ल्ड आहे, सिंगापूरची पीएसए आहे, मर्स्क गटाची एपीएम आहे. या शेवटच्या टर्मिनलात कंटेनर वाहून नेणारी आपली सरकारी कंपनी कॉन्कॉर भागीदार आहे, आणि अजनीचा डेपोही तिचाच!

खरी मेख वेगळीच आहे. न्हावा शेवाचा पहिला खाजगी धक्का १९९० च्या दशकात पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेला मिळाला. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने अख्खी पी अँड ओच विकत घेतली आणि धक्का चालवणाऱ्या कंपनीचा मालक बदलला. सौदा लंडनचा, इथली एक क्रेनही हलली नाही. त्याच सौद्यात अमेरिकेतले धक्केही होते. परकीय सौदे तपासणाऱ्या तिथल्या सरकारी समितीने होकार दिला होता, तरी संसदेत एवढा गदारोळ झाला की कंपनीला ते विकून टाकावे लागले.

आपल्याकडे बंदरांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पण एप्रिल २०२० मध्ये नियम आला, की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून पैसा येत असेल, तर आधी सरकारला विचारा. नंतर शेअर हातोहात फिरून खरा मालक तिकडचा झाला, तरीही विचारा. दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. रोख अर्थात चीनवर. दुबई-सिंगापूरवाल्यांना हा नियम लागूच नाही.

श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर चीनकडे गेलं, असे मेसेज आमच्या ग्रुपवरही फिरतात. पण श्रीलंकेने २०१७ मध्ये ९९ वर्षांचा पट्टा देताना बंदराचा बहुतांश हिस्साच चिनी कंपनीला दिला. आपल्या धक्क्याशी त्याची तुलना नको.

मला काळजी वाटते ती टर्मिनलच्या संगणकाची. कोणाचा माल, किती वजन, कुठल्या जहाजावर, सगळं त्यात असतं. ती माहिती कोण पाहू शकतं, हे मी भरतो त्या एकाही फॉर्मवर लिहिलेलं नसतं.