वकील न लावता घटस्फोट: सातारा-सांगलीच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच, "आमचं दोघांचं ठरलंय, भांडण नाही, मग वकिलाची फी कशाला?" मी स्वतः कोर्टात प्रॅक्टिस करते तरी सांगते, कायद्याने वकील लागतोच असं नाही, आपली केस आपण चालवता येते आणि आपल्याकडच्या कोर्टात अर्ज मराठीतही चालतो. पण हे दोघांचं सगळ्या गोष्टींवर एकमत असेल तरच. आणि अर्जातल्या अटी नीट लिहायचं काम मग तुमच्यावर येतं, खरी मेहनत तिथेच आहे.

प्रश्न (कराड): दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून मिटवलं, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून सोडचिठ्ठी झाली. आता दुसऱ्या लग्नाला हरकत नाही ना?

हरकत आहे ताई, मोठी आहे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच. समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण वेळ आली की ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. तोवर तुम्ही कायद्याने नवराबायकोच आहात आणि दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कागद फाडू नका मात्र, कधीपासून वेगळे राहता आणि काय ठरलं होतं हे दाखवायला उपयोगी पडेल.

प्रश्न (कोरेगाव): संमतीच्या घटस्फोटात नेमकं काय काय करावं लागतं, किती दिवस जातात?

हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवं (पैशापायी एकाच घरात आहात पण नवराबायको म्हणून संसार नाही, तेही वेगळं राहणंच धरतात). दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, दोघांची आधार कार्डं. लग्न जिथे झालं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिलात किंवा बायको आत्ता जिथे राहते, यातलं कुठलंही कोर्ट चालतं. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर.

अर्ज दाखल झाल्यावर कोर्टात दोघांचं म्हणणं नोंदवतात, तो पहिला जबाब. मग सहा महिने थांबायचं आणि दोघांनी परत येऊन "आमचं अजून तेच म्हणणं आहे" असं सांगायचं, तो दुसरा जबाब. हे अठरा महिन्यांच्या आत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलं, सगळं मिटलेलं हवं. पहिल्या जबाबानंतर आठवड्याने तसा वेगळा अर्ज देता येतो. देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात.

प्रश्न (विटा): नवरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तमिळनाडूला असतो, प्रत्येक तारखेला येणं त्याला जमत नाही.

२०१७ च्या त्याच निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मुभा आहे, आणि खरंच अडचण असेल तर आईवडील किंवा भावाबहिणीमार्फतही हजर राहता येतं. आधी लेखी परवानगी मागा, ऐन तारखेला फोन लावून दाखवू नका. माझं मत विचाराल तर दोन्ही जबाबांना तो समोर असलेला बरा.

प्रश्न (तासगाव): मिस्टर म्हणतात द्राक्षं गेली की साडेचार लाख देतो, मुलाचं नंतर बघू, आधी सही कर. मसुद्यात लिहिलंय "हंगाम झाल्यावर रक्कम दिली जाईल व पत्नीचा यापुढे कसलाही हक्क राहणार नाही". करू का सही?

नका करू. अशी मोघम ओळ पुढे अंमलबजावणीला गेलात की अडकते, कारण हंगाम कुठला, कधीचा, गारपिटीने बाग गेली तर काय, कशाचाच पत्ता नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या: "पती ४,५०,००० रुपये देईल, पैकी २,२५,००० पहिल्या जबाबाच्या दिवशी आणि उरलेले २,२५,००० दुसऱ्या जबाबाच्या वेळी डिमांड ड्राफ्टने न्यायाधीशांसमोर." बागेचा माल मार्चमध्ये जात असेल तर दुसरी तारीख त्यानंतरची मागा. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळे पैसे आधी देणं त्यांच्या अंगाशी येईल आणि काही न घेता शेवटचा जबाब देणं तुमच्या.

"कसलाही हक्क राहणार नाही" या शब्दांनी तुमची पुढची पोटगी जाऊ शकते, ते कळून उमजून मान्य असेल तरच ठेवा. मुलाचं मात्र वेगळं आहे. त्याच्या पालनपोषणाचा हक्क त्याचा स्वतःचा, तो आईला सोडून देता येत नाही, आणि "नंतर बघू" म्हटलेलं कुणी बघत नाही हो. महिन्याला किती, कुठल्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, शाळेची फी कोण भरणार, आणि भेटायचं कधी, तेही "अधूनमधून" असं नको, महिन्यातले कुठले रविवार, दिवाळीत किती दिवस, मे महिन्यात किती. दागिनेही "मिळाले" एवढ्यावर सोडू नका, पाटल्या, गंठण, एकेक वजनासकट लिहा आणि हातात आल्यावरच पोच द्या. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर आधी बँकेत जा, तुमच्या आपसातल्या अटी बँकेला बांधील नसतात.

एवढा एक मसुदा तरी वकिलाकडून वाचून घ्या, पूर्ण केस न देता नुसता वाचून देणारे भेटतात.

प्रश्न (जत): नवरा सहीच करत नाही, मारहाणही झालीय, आणि माझ्याकडे पैसे नाहीत. एकटीने लढू का?

एकटीने नको ताई. इथे पुरावे आणि उलटतपास येतो, आणि मारहाणीचा विषय आहे म्हणजे तुमची सुरक्षितता आधी. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो तुमचा हक्क आहे. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा किंवा १५१०० ला फोन करा. केस चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली पोटगी आणि कोर्टखर्चही मागता येतो, आणि महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात बायकांना कोर्ट फी माफ आहे.

प्रश्न (सातारा): बायकोने ४९८अ (नवऱ्याने, सासरच्यांनी छळ केल्याची फौजदारी केस) टाकलंय, आता समझोता झालाय. घटस्फोट झाला की ती केस आपोआप संपते?

संपत नाही. ती हायकोर्टातूनच रद्द करून घ्यावी लागते, ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईला जायला नको. तिथे बायको संमतीचं प्रतिज्ञापत्र देईल ही अट घटस्फोटाच्या अर्जात घाला. या कामाला वकील लावाच.

प्रश्न (फलटण): निकाल लागला, लगेच दुसरं लग्न करता येतं?

भांडून लागलेला निकाल असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. संमतीच्या निकालावर सहसा अपील चालत नाही, तरी हुकूमनाम्याची नक्कल हातात आल्याशिवाय मुहूर्त काढू नका. नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या आणि दोन-तीन प्रती घ्या, पासपोर्ट, बँकेतलं नॉमिनी, रेशन कार्ड, सगळीकडे तीच लागते.